ओपनमेटाडेटा आणि पोस्टग्रेस: कॅटलॉग मस्त आहे, पण आधी खालचा डेटाबेस नीट तयार करा

प्रॉडक्ट: ओपनमेटाडेटा, म्हणजे कंपनीत कुठला डेटा कुठे आहे आणि त्याचा अर्थ काय याचा कॅटलॉग. ओपन सोर्स, आपल्याच सर्व्हरवर बसवलेलं. खाली पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे येईलच.

मी मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याची औद्योगिक वसाहत) एका इलेक्ट्रिकल माल बनवणाऱ्या कंपनीत डेटाबेस सांभाळते. नाव नाही लिहीत, पण बडोद्यातल्या माणसाला अंदाज असतोच की अशा कंपन्यांत डेटाची काय अवस्था असते. जुना ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशोब सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) ऑरॅकलवर, डिस्पॅच एसक्यूएल सर्व्हरवर, क्वालिटीवाल्यांच्या एक्सेल फायली वेगळ्याच, आणि कुठल्या कॉलमचा नक्की अर्थ काय हे दोन-तीन जुन्या माणसांच्या डोक्यात. खरेदीच्या टेबलात रेट म्हणजे तांब्याचा किलोमागचा भाव, स्टोअरच्या टेबलात त्याच नावाचा कॉलम म्हणजे नगामागचा भाव, आणि रिपोर्ट बनवणारा नवीन मुलगा दोन्ही जोडून मोकळा होतो. मग महिनाअखेरीला अकाउंट्सवाले आणि स्टोअरवाले एकमेकांकडे बघत बसतात. ती जुनी माणसं रिटायर व्हायला आली आहेत, म्हणून मोठ्या साहेबांनी एकदाचं हो म्हटलं आणि मेटाडेटा रिपॉझिटरी बसवायचं ठरलं.

आता मेटाडेटा रिपॉझिटरी म्हणजे काय हे ऑफिसात समजावताना मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचं उदाहरण देते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून बडोदा संस्थानात लायब्ऱ्यांचं जाळं उभं करायला लावलं, आणि बॉर्डनने इथल्या पुस्तकांसाठी खास वर्गीकरणाची पद्धतच बनवली. पुस्तकं आधीपासून होतीच ने, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कशाबद्दलचं, हे कोणालाही शोधता यायला लागलं तेव्हा ती लोकांच्या कामाची झाली. आमच्या टेबलांचं तेच आहे. हे सांगितलं की स्टोअरच्या मोटाभाईंना पण लगेच पटतं.

बरं, हेच प्रॉडक्ट का घेतलं. अपाचे अ‍ॅटलास बघितलं होतं, चांगलं आहे पण त्याच्याखाली जेनसग्राफ, एचबेस, सोलर, काफ्का (एका सिस्टीमचे निरोप दुसरीकडे पोचवणारं सॉफ्टवेअर) एवढं सगळं सांभाळायचं, ज्यांच्याकडे आधीपासून हडूप (प्रचंड डेटासाठीची यंत्रणा) आहे त्यांचं ते काम. लिंक्डइनमधून निघालेलं डेटाहब पण बघितलं, स्क्रीन छान आहे, पण तिथे पण काफ्का आहेच. आमच्या टीममध्ये काफ्का रात्री बंद पडला तर उठून बघणारं कोणी नाही. ओपनमेटाडेटाला मात्र मुळात एक रिलेशनल डेटाबेस लागतो, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस, शोधासाठी इलास्टिकसर्च किंवा ओपनसर्च, आणि वेगवेगळ्या सिस्टीममधून माहिती ओढून आणायला एअरफ्लो. बस. ज्याला पोस्टग्रेस येतं त्याला हे सांभाळता येतं, आणि माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे. मुख्य सर्व्हरचं लायसन्स अपाचे २.० आहे, पैसे द्यावे लागत नाहीत.

बसवणं सोपं आहे त्यावर फार लिहीत नाही, डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यात भरून चालवायचं साधन) कंपोजची फाईल घ्या, निदान ६ जीबी मेमरी आणि ४ सीपीयू डॉकरला द्या, ८५८५ पोर्टवर स्क्रीन उघडते. अगदी खरंच उघडते. आणि गडबड इथूनच सुरू होते, कारण एवढं पटकन चालू झालं की लोकांना वाटतं झालं काम. आमच्याकडे आधी एका वेंडरला हे काम दिलं होतं (नाव नको), त्याने तोच डेमोचा सेट उचलून प्रोडक्शन म्हणून आमच्या हातात दिला. डेटाबेस डॉकरच्या आत, पासवर्ड डॉक्युमेंटमध्ये छापलेले तेच, बॅकअप नाही. बिल मात्र पूर्ण. मग आम्ही डेटाबेस वेगळ्या मशीनवर स्वतः तयार केला, आणि हा रिव्ह्यू मुख्यतः त्या तयारीबद्दल आहे, कारण स्क्रीनचे फोटो टाकून कौतुक करणारे रिव्ह्यू भरपूर सापडतात, खालच्या डेटाबेसबद्दल कोणी धड लिहीत नाही.

पहिली गोष्ट, ईआरपीच्या डेटाबेस सर्व्हरवर हे बसवू नका. जागा आहे, रॅम आहे, एक डेटाबेस वाढला तर काय बिघडलं असं सगळ्यांना वाटतं. पण कॅटलॉगचं अपग्रेड आलं की तो आपल्या टेबलांचं मायग्रेशन चालवतो, म्हणजे टेबलांची रचना नव्या आवृत्तीप्रमाणे बदलतो, काही फसलं तर मागच्या बॅकअपवर जायचं असतं, आणि त्या वेळी शेजारी डिस्पॅचची एंट्री चालू असली तर कोणाच्यात हिंमत आहे सर्व्हर हलवायची. वेगळी मशीन घ्या, लहान चालेल. आमची १६ जीबी रॅमची आहे, शेअर्ड बफर्स (डेटाबेस डेटा हाताशी ठेवायला वापरतो ती मेमरी) ४ जीबी ठेवले आहेत, पोस्टग्रेसवाले पण सुरुवातीला रॅमच्या पाव हिश्श्याचंच सांगतात. न बदलता सोडलं तर ते १२८ एमबीच राहतं हे लक्षात ठेवा.

आता परवानग्या, इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन डेटाबेस लागतात, एक ओपनमेटाडेटाचा, एक एअरफ्लोचा, आणि दोघांचे युजर वेगळे. जुन्या सवयीने आपण डेटाबेस बनवतो, युजर बनवतो, ग्रँट ऑल ऑन डेटाबेस देतो आणि पुढे जातो. पोस्टग्रेस १४ पर्यंत हे चालून जायचं. १५ पासून पब्लिक स्कीमामध्ये (डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा नेहमीचा कप्पा) टेबल बनवायची परवानगी सगळ्यांना आपोआप मिळत नाही, त्यामुळे ग्रँट ऑल देऊनसुद्धा मायग्रेशन पहिल्याच टेबलाला थांबतं आणि लॉगमध्ये येतं परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक. मग लोक वैतागून त्या युजरला सुपरयुजर (सगळे हक्क असलेला) करून टाकतात! कृपा करून ते करू नका. डेटाबेसवरचा ग्रँट ऑल म्हणजे जोडणी करता येणं, नवीन स्कीमा बनवता येणं, टेम्पररी टेबल बनवता येणं, एवढंच. आधीपासून असलेल्या पब्लिक स्कीमावर त्याचा काही हक्क लागत नाही. सरळ उपाय म्हणजे अल्टर डेटाबेस करून त्या युजरला डेटाबेसचा ओनर करायचं, कारण १५ पासून पब्लिक स्कीमाची मालकी डेटाबेसच्या ओनरकडेच जाते. एक ओळ आहे, आणि सुपरयुजर द्यायची गरज उरत नाही.

त्याच्यासोबत पीजी एचबीए फाईलमध्ये (कोणी कुठून जोडायचं ते इथे ठरतं) फक्त कॅटलॉगच्या सर्व्हरचा आयपी आणि स्क्रॅम पासवर्ड, बाकी सगळं बंद. आणि डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर जोडणीच्या सेटिंगमध्ये एसएसएल बंद असलेलं तसंच ठेवू नका, डेमोसाठी ते ठीक आहे.

कनेक्शनचं गणित पण आधीच मांडून घ्या. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन देतं, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. कॅटलॉगच्या सर्व्हरचा एक पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा गट), एअरफ्लोचा वेगळा, तुमचा मॉनिटरिंगचा स्क्रिप्ट वेगळा. सगळ्यांची जास्तीत जास्तची बेरीज करा आणि मग मॅक्स कनेक्शन्स ठरवा, नाहीतर सोमवारी सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा कळतं.

आता एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, आणि हे मराठी-गुजराती लिहिणाऱ्यांनी नक्की वाचा. आमच्याकडे कॉलमची वर्णनं तीन भाषांत येतात, अकाउंट्सवाले इंग्लिशमध्ये, स्टोअरवाले गुजरातीत, आणि आम्ही दोघी-तिघी मराठीत लिहितो तेव्हा त्यांना पण वाचता येतं. डेटाबेस बनवतानाच टेम्प्लेट झिरोवरून (पोस्टग्रेसचा कोरा साचा) यूटीएफ-८ मध्ये बनवायचा, नंतर बदलता येत नाही, डंप (डेटाबेसची फाईलमध्ये काढलेली प्रत) काढून नव्याने भरावा लागतो. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (अक्षर किंवा मात्रा, प्रत्येकाचा वेगळा) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातो, म्हणजे वडोदरा हा शब्द दिसायला चार अक्षरांचा पण मात्रा धरून ६ कोडपॉइंट, १८ बाइट. पोस्टग्रेसमध्ये व्हारचार (मजकुराचा कॉलम) २५६ म्हणजे खरोखर २५६ कॅरेक्टर, बाइट नाहीत, त्यामुळे इथे त्रास नाही. आमच्या जुन्या ऑरॅकलमध्ये मात्र वेगळं सांगितलं नसेल तर लांबी बाइटमध्ये मोजली जाते, म्हणजे ४००० चा कॉलम असला तरी देवनागरीचे जेमतेम १३३३ कोडपॉइंट मावणार. ज्यांना ऑरॅकलवर अशी रिपॉझिटरी बसवायची आहे त्यांनी कॅरेक्टर सेट एएल३२यूटीएफ८ आहे का हे पहिल्या दिवशी बघा. आणि मायएसक्यूएलवाल्यांनी यूटीएफ८एमबी४ च घ्या, जुनं यूटीएफ८ तीन बाइटचं आहे, त्यात देवनागरी बसते पण कोणी वर्णनात इमोजी टाकला की एरर. आमच्याकडे लोक टाकतात हो, डेड टेबलाला कवटी लावतात.

एन्कोडिंगशी जोडलेली अजून एक भानगड आहे ती कमी लोकांना माहिती असते. पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम ऑपरेटिंग सिस्टीमच्या ग्लिबसी लायब्ररीकडून घेतं, आणि २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ आलं तेव्हा हा क्रम बदलला. त्यामुळे सेंटओएस ७ वरची डेटा डिरेक्टरी तशीच उचलून ८ च्या पिढीतल्या लिनक्सवर ठेवली तर टेक्स्टवरचे इंडेक्स (पटकन शोधायला ठेवलेल्या क्रमवार सूची) गुपचूप चुकीचे होतात, एरर येत नाही, फक्त असलेली रो सापडत नाही. मशीन बदलताना डंप काढून भरा, किंवा निदान रीइंडेक्स चालवा. कॅटलॉगमध्ये असलेली गोष्ट सापडली नाही तर लोकांचा विश्वास एका दिवसात उडतो, म्हणून हे मी फार मनावर घेते.

आता आत काय आहे ते बघू, कारण ते बघितल्यावर मला हे प्रॉडक्ट अजून आवडायला लागलं. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं साधन) उघडून टेबल एंटिटी नावाच्या टेबलाची रचना बघा. तुम्हाला वाटेल शेकडो कॉलम असतील. तिथे एक जेसनबीचा कॉलम आहे (नाव आणि किंमत अशा जोड्यांत सगळी माहिती एकत्र ठेवणारा), आणि आयडी, नाव, कोणी बदललं, कधी बदललं, डिलीट आहे का, असे थोडे कॉलम त्या जेसनमधूनच आपोआप काढलेले, जनरेटेड कॉलम म्हणतात ते. पोस्टग्रेसमध्ये ही सोय १२ व्या आवृत्तीत आली, २०१९ ला, त्याच्याआधीच्या पोस्टग्रेसवर ही रचना उभीच राहू शकत नाही. पूर्ण नावाचा हॅश (ठरावीक लांबीचा छोटा कोड) करून त्यावर इंडेक्स आहे, कारण सर्व्हिस, डेटाबेस, स्कीमा, टेबल, कॉलम असं सगळं जोडून नाव एवढं लांब होतं की सरळ इंडेक्स परवडत नाही. आणि कशाचं कशाशी नातं आहे ते सगळं एका एंटिटी रिलेशनशिप टेबलात, इकडचा आयडी, तिकडचा आयडी, आणि नात्याचा प्रकार एका आकड्यात. कोण मालक, कुठलं टेबल कुठल्या स्कीमात, कुठला रिपोर्ट कुठल्या टेबलावरून, सगळं त्यातच. वेगळा ग्राफ डेटाबेस न आणता त्यांनी हे साध्या टेबलांत बसवलं आहे, मला तर हे फार सुंदर वाटतं.

पण याचे दोन परिणाम आहेत ते डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) समजून घ्यायला हवेत. एक, तुम्ही हाताने एसक्यूएल मारून एखादी रो डिलीट केली तर तिची नाती तशीच लटकत राहतात, डेटाबेस तुम्हाला थांबवत नाही. जे काय बदलायचं ते स्क्रीनवरून किंवा एपीआयवरून. आमच्या ऑफिसात कॅटलॉगच्या डेटाबेसवर माणसांना फक्त वाचायची परवानगी आहे, मला पण रोजच्या लॉगिनला तेवढीच. दोन, एका टेबलाची सगळी माहिती एका जेसनमध्ये असल्याने, आमच्या ईआरपीच्या त्या लांबलचक आयटम मास्टरच्या एका कॉलमचं वर्णन बदललं तरी पूर्ण जेसन नव्याने लिहिला जातो आणि जुनी रो मेलेली म्हणून पडून राहते. पोस्टग्रेस असंच चालतं, त्यात चूक काही नाही, पण ऑटोव्हॅक्यूम (मेलेल्या रो आपोआप साफ करणारी सोय) बंद ठेवायची वाईट सवय कोणाला असेल तर इथे टेबल फुगणार म्हणजे फुगणार. नेहमीच्या सेटिंगने टेबलाचा २० टक्के भाग मेला की व्हॅक्यूम येतो, मी या टेबलासाठी ५ टक्क्यांवर आणलं आहे. बदलांची नोंद ठेवणारं चेंज इव्हेंटचं टेबल आणि प्रोफाइलरच्या (टेबलांतला डेटा तपासून आकडे काढणारा भाग) आकड्यांची टेबलं पण वाढत राहतात, त्यांच्यावर लक्ष असू द्या.

अपग्रेडच्या आधी वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) २० एमबी करायला त्यांच्याच गाइडमध्ये सांगितलं आहे, मुळात ते ४ एमबी असतं, आणि मायएसक्यूएलवाल्यांना सॉर्ट बफर २० एमबी. मायएसक्यूएलमध्ये ते मुळात फक्त २५६ केबी असतं, मोठे जेसन सॉर्ट करताना आउट ऑफ सॉर्ट मेमरी येतं ते यामुळे.

आता बॅकअप, आणि माझा कापलेला स्टार. चांगली बातमी अशी की खरं सगळं पोस्टग्रेसमध्येच आहे. इलास्टिकसर्चचा इंडेक्स पूर्ण उडाला तरी स्क्रीनवरून री-इंडेक्सचं अ‍ॅप्लिकेशन चालवलं की डेटाबेसमधून परत भरून येतो, त्यामुळे रोज रात्री फक्त पीजी डंप. युजर आणि रोल पीजी डंपमध्ये येत नाहीत, त्यासाठी पीजी डंप ऑलचा ग्लोबल्स ओन्लीवाला वेगळा डंप घ्या. पण या सगळ्यात एक गोष्ट डेटाबेसच्या बाहेर आहे, फर्नेट की. कॅटलॉग तुमच्या ईआरपीचे, डिस्पॅचचे कनेक्शन पासवर्ड डेटाबेसमध्ये ठेवतो ते या किल्लीने कुलूप लावून, आणि किल्ली असते सर्व्हरच्या एन्व्हायरन्मेंट सेटिंगमध्ये. किल्ली हरवली तर डंप कितीही व्यवस्थित असू दे, पासवर्ड सगळे परत भरायचे. आणि उलट, डॉक्युमेंटमध्ये छापलेली डिफॉल्ट किल्लीच चालू ठेवली तर ज्याच्या हातात डंप पडला त्याच्या हातात आपल्या सगळ्या सिस्टीमचे पासवर्ड. तरीसुद्धा सर्व्हर निमूटपणे सुरू होतो! पहिल्या लॉगिनला लाल पट्टी दाखवून किल्ली बदला म्हणून अडवायला काय हरकत आहे, एवढं मोठं प्रॉडक्ट आहे, हजारो लोक वापरतात, त्यातले कितीतरी आमच्या त्या वेंडरसारखे डेमोच उचलून देणारे असणार. स्टार तिथे कापला. आम्ही नवीन किल्ली बनवून ती डंपपासून वेगळ्या ठिकाणी, छापून लिफाफ्यात अकाउंट्सच्या तिजोरीत ठेवली आहे.

रिस्टोअर करून बघितल्याशिवाय बॅकअपवर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या मशीनवर डंप भरा, तीच किल्ली द्या, मायग्रेट चालवा, री-इंडेक्स चालवा, आणि एखाद्या सर्व्हिसचं टेस्ट कनेक्शन दाबा. हिरवं आलं तर किल्ली आणि डंप दोन्ही बरोबर.

एक अजून, ईआरपीमधून माहिती ओढायला जो युजर द्याल तो फक्त वाचणारा द्या. कॅटलॉगला तुमच्या टेबलात लिहायचं काहीच कारण नाही. कोणी एसए किंवा सिस्टीम (एसक्यूएल सर्व्हर आणि ऑरॅकलचे सगळे हक्क असलेले युजर) यांचा पासवर्ड मागितला तर सरळ नाही म्हणा.

वापरायला कसं आहे? आता तो रेटचा घोळ मिटला. नवा मुलगा सर्चमध्ये रेट टाकतो, दोन्ही कॉलम समोर येतात, एकाखाली लिहिलंय तांबं, किलोमागे, खरेदीच्या दिवसाचा भाव, दुसऱ्याखाली नगामागे, स्टोअरचा सरासरी भाव, आणि बाजूला मालकाचं नाव, म्हणजे विचारायचं कोणाला ते पण कळतं. कर्मचाऱ्यांच्या मोबाइल नंबरच्या कॉलमना वैयक्तिक माहितीचा टॅग लावला आहे, २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यामुळे ऑडिटवाले विचारणारच होते. आणि सेटिंगमध्ये भाषा बदलायला गेले तर यादीत चक्क मराठी! काही शब्द जड वाटतात पण आहे, आणि मला खरंच आनंद झाला. गुजराती पण यायला पाहिजे, आमच्या मोटाभाईंनी दोनदा विचारलं.

आमचं पुढचं काम म्हणजे एअरफ्लोचा डेटाबेस पण या मशीनवरून वेगळा काढणं, कारण रात्री सगळ्या सिस्टीमचं इन्जेशन (माहिती ओढून आणायचं काम) एकदम लागतं तेव्हा दोघं एकाच डिस्कवर भांडतात. बडोद्यात किंवा अंकलेश्वर-हालोलकडे कोणी हेच मायएसक्यूएलवर चालवत असेल तर जरूर लिहा, विशेषतः मोठ्या अपग्रेडला मायग्रेशनला किती वेळ गेला आणि सॉर्ट बफर किती ठेवला ते.